पडद्याआडची गुणवत्ता

गेल्या वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम आटोपल्यावर आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनी आम्हांस बाजूस घेतले. "डॉक्टरसाहेब, पोरगी तुमचं ऐकते. तिला जरा समजावून सांगा. व्हायोलिन वाजवून पोट भरणार म्हणते," असे ते म्हणाले. त्यांच्या स्वरात राग नव्हता, भीती होती. कन्या अकरावीत शिकते. चौथीत असताना शाळेच्या ऑर्केस्ट्रासाठी भाड्याने आणलेले छोटे व्हायोलिन तिने हाती घेतले, ते पुन्हा खाली ठेवले नाही. तिला समजावण्याचे आम्ही मान्य केले. परंतु या व्यवसायाची आपणांस कितपत माहिती आहे, असे स्वतःस विचारले तेव्हा मिळालेले उत्तर लाजिरवाणे होते. वैद्यकीय व्यवसायात पंचवीस वर्षे घालवूनही, सिंफनी ऑर्केस्ट्रातील वादकाची निवड कोण करतो, त्याचा चरितार्थ कसा चालतो, त्यास निवृत्तिवेतन असते की नाही, यांपैकी काहीच आम्हांस ठाऊक नव्हते. मग आम्ही वाचले, जाणकारांना विचारले, आणि जे हाती लागले ते या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवावे असे वाटले. कारण हा प्रश्न आता एका घराचा राहिलेला नाही.

आपल्या स्मरणिकांतील अभिनंदनाची पाने वाचकांनी एकदा चाळून पाहावीत. डॉक्टर, अभियंता, संगणकतज्ज्ञ, पुन्हा डॉक्टर. ही यादी अभिमानास्पदच आहे. ज्यांच्या आजोबांना शाळेच्या ओसरीवर बसून धडे ऐकावे लागले, त्यांच्या नातवंडांची ही नावे आहेत. तथापि या याद्यांमुळे आपली एक समजूत नकळत पक्की झाली आहे. आपल्यासाठी दोन-तीनच दरवाजे उघडे आहेत आणि बाकीचे घर इतरांचे आहे, ही ती समजूत होय.

संगीताविषयी आपल्या मनात आणखी एक जुनी भीती आहे. खेड्यात हलगी, डफ, सनई वाजवणे हे आपल्या अनेक पूर्वजांच्या वाट्यास कला म्हणून नव्हे, तर जातीने लादलेले काम म्हणून आले. लग्न दुसऱ्याचे, मिरवणूक दुसऱ्याची, आणि वाजवणारा मांडवाबाहेर. अपमानाची कामे सोडा, हा बाबासाहेबांचा आदेश शिरोधार्य मानून कित्येक घरांनी ती वाद्ये कायमची खाली ठेवली. त्यांनी योग्यच केले. म्हणून आज एखादे आजोबा "वाजवून पोट भरणार" हे शब्द ऐकून दचकतात, तेव्हा त्यांना मागासलेले म्हणण्याचा अधिकार कोणासही नाही. परंतु त्याच बाबासाहेबांनी आयुष्याच्या उत्तरार्धात, ग्रंथांच्या आणि राजकारणाच्या धबडग्यातून वेळ काढून, व्हायोलिनचे धडे घेतले, हेही आपण विसरू नये. लादलेले वादन आणि स्वतः निवडलेले वादन यांत गुलामी आणि स्वातंत्र्य यांच्याइतके अंतर आहे.

आता या व्यवसायाचे स्वरूप थोडक्यात सांगणे अगत्याचे आहे. सिंफनी ऑर्केस्ट्रात व्हायोलिनवादकांचा ताफा सर्वांत मोठा असतो. 'पहिले व्हायोलिन' आणि 'दुसरे व्हायोलिन' असे त्याचे दोन गट पडतात. दोन वादक मिळून एक स्वरलिपीचा स्टँड वापरतात. श्रोत्यांच्या बाजूचा वादक वाजवत राहतो आणि आतल्या बाजूचा पान उलटतो. गज कोठे वर न्यायचा आणि कोठे खाली, हे कन्सर्टमास्टर म्हणजे प्रमुख व्हायोलिनवादक ठरवतो, व सर्वांचे गज एकाच दिशेने चालतात. आपला आवाज वेगळा ऐकू न येणे, हेच येथे कौशल्य मानले जाते.

चेंबर म्युझिकचा प्रकार याच्या उलट. स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो असे चारच वादक असतात. कंडक्टर नसतो. प्रत्येकाची ओळ प्रत्येकानेच वाजवायची, म्हणून चूक लपत नाही आणि आवाजही हरवत नाही. लय किती ठेवावी येथपासून कार्यक्रमात काय घ्यावे येथपर्यंत सारे चौघांनी वाद घालून ठरवायचे, आणि मतदान घेतले तर दोन विरुद्ध दोन होण्याचा धोका कायमचा. तरीही ग्वार्नेरी क्वार्टेट १९६४ पासून २००९ पर्यंत चालले, आणि त्याच्या मूळ चौघांपैकी तिघे शेवटपर्यंत एकत्र होते. बहुतेक व्यावसायिक वादक ही दोन्ही क्षेत्रे सांभाळतात. मोठ्या ऑर्केस्ट्रात पगार, आरोग्यविमा आणि निवृत्तिवेतन मिळते, तर चेंबर म्युझिकमध्ये स्वतःचा स्वर.

वैद्य या नात्याने या व्यवसायाची शारीरिक बाजूही सांगितली पाहिजे. डावा हात वर धरून, मान डावीकडे झुकवून रोज पाच-सहा तास सराव करणे शरीरास मानवणारे नाही. हनुवटीखाली कायमचा व्रण पडतो. खांदा, मनगट, बोटांचे स्नायुबंध दुखावतात. क्वचित बोटेच मेंदूची आज्ञा पाळीनाशी होतात, आणि तो विकार कारकीर्द संपवू शकतो. अमेरिकेतील सिंफनी ऑर्केस्ट्रांच्या २,२१२ वादकांची पाहणी १९८६ मध्ये झाली. त्यांपैकी ७६ टक्के वादकांनी, वादनावर गंभीर परिणाम करणारी निदान एक शारीरिक तक्रार असल्याचे सांगितले. सत्तावीस टक्के वादक, हृदयाची धडधड आणि हाताचा कंप आवरणारी बीटा-ब्लॉकर औषधे घेत होते. हे वाचून आमची पहिली प्रतिक्रिया त्या गृहस्थांसारखीच झाली. परंतु रात्रपाळ्या करून आमची स्वतःची पाठ आणि झोप कोणत्या अवस्थेस पोहोचली आहे, हे आठवल्यावर आम्ही गप्प बसलो.

या व्यवसायात प्रवेश कसा मिळतो, हा खरा कळीचा मुद्दा. आणि तेथेच आपल्या समाजाचा त्याच्याशी जवळचा संबंध येतो.

सॅनफर्ड ॲलन हे कृष्णवर्णीय व्हायोलिनवादक १९३९ मध्ये न्यूयॉर्क येथे जन्मले. वयाच्या दहाव्या वर्षी ते ज्युलियर्ड संगीतविद्यालयात दाखल झाले. त्या काळी ज्युलियर्डची इमारत क्लेअरमाँट ॲव्हेन्यूवर, म्हणजे १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब जेथे शिकले त्या कोलंबिया विद्यापीठाच्या शेजारीच होती. पुढे ॲलन यांनी मॅनेस महाविद्यालयात शिक्षण घेतले, आणि १९६२ मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये त्यांची नेमणूक झाली. ही संस्था १८४२ मध्ये स्थापन झालेली. म्हणजे पहिला कृष्णवर्णीय कायम वादक घेण्यास तिला १२० वर्षे लागली.

त्यानंतर सात वर्षांनी, १९६९ मध्ये, चेलोवादक अर्ल मॅडिसन आणि बासवादक आर्थर डेव्हिस या दोघा कृष्णवर्णीय वादकांनी भेदभावाची तक्रार घेऊन न्यूयॉर्क शहराच्या मानवी हक्क आयोगाकडे धाव घेतली. आमची परीक्षा पडद्याआडून घ्या, अशी त्यांची मागणी होती. आयोगाने १९७० मध्ये निर्णय दिला. त्या दोघांना न घेण्यात भेदभाव झाल्याचे सिद्ध होत नाही, असे आयोग म्हणाला. मात्र बदली आणि जादा वादक बोलावण्याच्या पद्धतीत भेदभाव असल्याचे त्याने मान्य केले. ओळखीच्या माणसाने ओळखीच्या माणसास बोलवायचे, अशी ती पद्धत. आपल्यापैकी कोणास ती ठाऊक नाही?

ॲलन यांनी १९७७ मध्ये राजीनामा दिला. प्रतीक म्हणून वावरण्याचा कंटाळा आला, असे कारण त्यांनी सांगितले. आम्ही हे वाक्य पुन्हा पुन्हा आठवले. आपल्यापैकी प्रत्येकजण कोठे ना कोठे 'पहिला' होता, कोणी वर्गात, कोणी विभागात, कोणी वसाहतीत. 'पहिला' असण्याचा सत्कार होतो, पण त्याचे ओझे सत्कार करणाऱ्यांना दिसत नाही. ॲलन यांचे व्हायोलिन मात्र थांबले नाही. पनामाचे संगीतकार रोके कोर्देरो यांचा व्हायोलिन कंचेर्टो त्यांनी डेट्रॉइट सिंफनीसह आधीच ध्वनिमुद्रित केला होता, आणि पुढेही स्वतंत्र वादक म्हणून ते वाजवत राहिले. प्रतिष्ठेची नोकरी सोडूनही कलावंत उरतो, हा त्यांच्या आयुष्याचा आम्ही घेतलेला अर्थ आहे.

मॅडिसन आणि डेव्हिस यांनी मागितलेला पडदा बोस्टन सिंफनीने १९५२ मध्येच लावला होता, आणि १९७० नंतर तो बहुतेक मोठ्या ऑर्केस्ट्रांत आला. उमेदवारास नावाऐवजी क्रमांक मिळतो. निवड समिती पडद्याच्या एका बाजूस, उमेदवार दुसऱ्या बाजूस. पावलांच्या आवाजावरून स्त्री की पुरुष हे कळू नये म्हणून गालिचाही अंथरतात. एका जागेसाठी शंभराहून अधिक अर्ज येणे नवलाचे नाही. मोत्सार्टच्या कंचेर्टोचा पहिला भाग, रिचर्ड श्ट्राउसच्या 'डॉन हुआन'चे आरंभीचे पान आणि असेच काही कठीण तुकडे, एवढ्यात पाच-दहा मिनिटांत निकाल लागतो.

हे वाचताना आम्हांस आमची वैद्यकीय परीक्षा आठवली. लेखी उत्तरपत्रिकेवर केवळ आसनक्रमांक असे, आणि तेथे आमचे गुण वर्गात वरचे होते. तोंडी परीक्षेत मात्र परीक्षकांनी पहिला प्रश्न शरीरशास्त्राचा विचारला नाही, आडनावाचा विचारला. दुसरा प्रश्न प्रवेश कोणत्या कोट्यातून मिळाला, हा होता. तिसरा प्रश्न काय होता ते आज आठवत नाही, कारण तोपर्यंत निकाल लागून गेला होता. आम्ही काठावर उत्तीर्ण झालो. विद्यार्थी एकच, ज्ञान तेच. क्रमांकाआड असताना आम्ही गुणवान ठरलो आणि समोर बसल्यावर सामान्य. म्हणून 'आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो' असे जेव्हा कोणी म्हणते, तेव्हा आमचा पहिला प्रश्न असतो, पडदा लावून पाहता की पडदा काढून?

पडद्याने काय साधले? न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये १९६६ मध्ये ओरिन ओब्रायन या बासवादिकेची नेमणूक झाली, तेव्हा त्या तेथील एकट्याच स्त्री होत्या. त्याच संस्थेत २०२२ मध्ये ४५ स्त्रिया आणि ४४ पुरुष वादक होते, आणि व्हायोलिनच्या ३० जागांपैकी २७ जागांवर स्त्रिया होत्या. स्त्रियांच्या हातात ताकद नसते, त्यांना शिस्त जमत नाही, असे जे सांगितले जात असे, ते आपोआप बंद पडले. याचे सारे श्रेय एकट्या पडद्यास द्यावे की नाही, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु संगीतविद्यालयांत मुली मोठ्या संख्येने शिकत होत्या आणि दार किलकिले होताच त्या आत आल्या, यात संशय नाही.

तोच पडदा कृष्णवर्णीयांच्या मात्र तितका उपयोगी पडला नाही. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये १९६९ मध्ये एक कृष्णवर्णीय वादक होता आणि २०२० मध्येही एकच. साऱ्या अमेरिकेच्या ऑर्केस्ट्रांत त्यांचे प्रमाण २०१४ मध्ये १.८ टक्के होते आणि २०२३ मध्ये २.४ टक्के. असे का व्हावे? आमच्या मते याचे उत्तर पडद्याच्या आधी आणि नंतर शोधावे लागते.

आधी म्हणजे असे. व्हायोलिनचा हात पाचव्या ते आठव्या वर्षी घडू लागतो. आठवड्यास एक शिकवणी, उन्हाळी शिबिर, युवा ऑर्केस्ट्रा, गाडीतून नेणारे पालक, वाढत्या वयाबरोबर बदलत जाणारी वाद्ये आणि शेवटी व्यावसायिक दर्जाचे व्हायोलिन, ज्याची किंमत हजारो डॉलरमध्ये असते. हे सर्व ज्यास लाभले तोच पडद्यापर्यंत पोहोचतो. आपल्या मुंबईचे मेहली मेहता यांचे उदाहरण घ्या. त्यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला, १९४५ मध्ये, पस्तिशी उलटल्यावर, न्यूयॉर्कला जाऊन इव्हान गॅलॅमियन यांच्याकडे ते पुन्हा शिकले, मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात वाजवले, फिलाडेल्फियाच्या कर्टिस क्वार्टेटमध्ये वाजवले. त्यांची जिद्द असामान्यच होती. पण ज्या मुंबईकर समाजात ते वाढले, तेथे पाश्चात्य संगीत परके नव्हते, हेही तितकेच खरे. त्याच शहरातील आपल्या वस्त्यांत त्या काळी कोणाच्या घरी व्हायोलिन होते?

आणि नंतर म्हणजे असे. निवड झाल्यावर पडदा उठतो आणि उमेदवारीचा काळ सुरू होतो. एलेन जोन्स या कृष्णवर्णीय टिंपनीवादिका पडद्याआडच्या परीक्षेत उत्तीर्ण होऊन १९७२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को सिंफनीत आल्या. १९७४ मध्ये सहकारी वादकांच्या समितीने त्यांना कायम करण्यास नकार दिला. त्या न्यायालयात गेल्या आणि हरल्या. जे पडदा देतो ते समोरची माणसे परत घेऊ शकतात.

काही समीक्षकांनी २०२० मध्ये असे सुचवले की, पडदाच काढून टाकावा आणि वंचित समाजातील वादक जाणीवपूर्वक निवडावेत. आमचे मत वेगळे आहे. पडदा राहू द्यावा, किंबहुना शेवटच्या फेरीपर्यंत राहू द्यावा. परंतु पडद्यापर्यंत पोहोचण्याच्या वाटेवर समाजाने हात दिला पाहिजे. आरक्षणाचा अर्थ आम्ही नेहमीच असा घेतला आहे. परीक्षा सोपी करणे नव्हे, तर परीक्षेच्या दारापर्यंतचा रस्ता बांधणे. व्हायोलिनवादक ॲरन ड्वर्किन यांनी १९९७ मध्ये डेट्रॉइट येथे स्थापन केलेली स्फिंक्स ही संस्था कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांसाठी नेमके हेच करते. स्पर्धा, शिष्यवृत्ती, वाद्ये, आणि २०१८ पासून अन्य संस्थांच्या सहकार्याने ऑडिशनची तयारी व प्रवासखर्चही. या उपक्रमाकडे आपण डोळे उघडून पाहिले पाहिजे.

पोटाचा प्रश्न आम्ही टाळणार नाही. पूर्ण पगाराच्या जागा थोड्या आहेत. बहुतेक व्हायोलिनवादक शिकवण्या, नाट्यगृहे, ध्वनिमुद्रण आणि चार ठिकाणची तात्पुरती कामे जोडून संसार चालवतात. नामांकित संस्थाही अढळ नसतात. फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राने २०११ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि मिनेसोटा ऑर्केस्ट्राच्या वादकांना वेतनाच्या वादात टाळेबंदीमुळे २०१४ च्या जानेवारीपर्यंत सोळा महिने बाहेर बसावे लागले. म्हणून ज्या मुलास व्हायोलिनवाचून चैन पडते, त्याने दुसरे काही करावे. ज्यास पडत नाही, त्यास मात्र आपण केवळ भीतीपोटी अडवू नये. पहिल्या पिढीने गाव सोडले, दुसरीने पदव्या मिळवल्या. तिसऱ्या पिढीनेही आपल्या भीतीच्या आधाराने जगायचे असेल, तर हा एवढा प्रवास कशासाठी केला?

आमच्या संघटनेस आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, आपल्या शिष्यवृत्तीच्या अर्जात वैद्यक आणि अभियांत्रिकी यांच्याबरोबर संगीताचाही उल्लेख असावा. दुसरी, मुलांना लहान पडलेली पाव, अर्धी आणि पाऊण आकाराची व्हायोलिने कपाटांत धूळ खात आहेत. ती एकत्र करून पुढच्या मुलांना द्यावीत. यास खर्च नाही, फक्त एक वही आणि एक जबाबदार माणूस लागेल. तिसरी, जयंतीच्या कार्यक्रमात वाद्य वाजवणाऱ्या मुलांना भोजनाची रांग लागल्यावर पाच मिनिटे देण्याची प्रथा बंद करावी. त्यांना भरसभेत वीस मिनिटे द्यावीत, आणि त्या वीस मिनिटांत आपण सर्वांनी बोलणे थांबवावे. वामनदादा कर्डकांच्या गाण्यांनी जागा झालेला हा समाज आहे. ऐकण्याची रीत आपणांस नव्याने शिकावी लागू नये.

त्या कन्येशी आम्ही दोन तास बोललो. जागा किती थोड्या, सराव किती कठोर, शरीरास जपावे कसे, हे सारे सांगितले. यातले बरेचसे तिला आमच्याहून अधिक ठाऊक होते. मग तिने आमच्या दिवाणखान्यात मोत्सार्ट वाजवून दाखवला. आम्हांस त्यातले शास्त्र कळत नाही, त्यामुळे त्याच्या दर्जाविषयी मत देणार नाही. ते मत पडद्यामागे बसलेली समिती देईल, आणि तिला आडनाव ठाऊक नसेल. दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्या वडिलांना दूरध्वनी केला आणि ठरल्याप्रमाणे समजावले, पण मुलीस नव्हे, त्यांना. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, "डॉक्टरसाहेब, चांगलं व्हायोलिन साधारण केवढ्याला पडतं?"